बुटक्यांची न्हाणी

जॅनेट आंटी दारातून एक पाऊल मागे सरली. झालं ते एवढंच. शेजारच्या घरातली बाई, लिओनला गळ्यात लाळेरं असल्यापासून ओळखणारी, या घरात शिरताना तिने कधी कुणाला विचारलेलं नाही. मंगळवारी सकाळी ती उंबऱ्यावर आली, "लिओन, आसंस मां रे?" म्हणाली, आणि उत्तर यायच्या आत एक पाऊल मागे सरून तिने हातरुमाल नाकाला लावला. लगेच काढलाही. भली बाई, तिला स्वतःलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार. कपाळावरचा घाम पुसल्याचं नाटक तिने केलं, आणि त्या नाटकाने उरलीसुरली शंकाही गेली.

"शुक्रवारी फादर येतले, कोमुन्यांव घेवन," ती अंगणातूनच बोलली. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर दुखणाइतांना घरी येऊन ख्रिस्तप्रसाद देत. "गेल्या म्हयन्यात पयलो शुक्रवार गुड फ्रायडेकच इलो, म्हणान तां ऱ्हवलां. ह्या खेपेक साडेआठांक येतले. पप्पाक आंघोळ घालून तयार ठेव." मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरात वास येता रे. गंगाराम येना नाय काय?"

"येता. काल तेवडो नाय इलो," लिओन म्हणाला.

काल नव्हे, सोळा दिवस गंगाराम आला नव्हता. पप्पांबरोबर ट्रॉलरवर उमर काढलेला हा खलाशी, पप्पांचं उजवं अंग आणि वाचा चार महिन्यांपूर्वी एकाच सकाळी गेल्यापासून रोज सातला यायचा, बाह्या वर सारायचा आणि म्हणायचा, "चल रे मिस्त्री, होडी धुवया." मिस्त्री म्हणजे पप्पा, फॉस्टिन मिस्त्री, मालवण बंदरात ज्यांच्या हाताखालून गेलं नाही असं इंजिन नव्हतं. गंगाराम त्यांना खुर्चीवर घेऊन न्हाणीत जायचा आणि आतून पाण्याचा, चापट्यांचा, एकट्याच्याच बडबडीचा आवाज यायचा. मग लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तो वैभववाडीला गेला. आठ दिवस म्हणाला. आठांचे बारा झाले, बारानंतर त्याचा फोनच लागेना. या सोळा दिवसांत पप्पांच्या अंगाला पाणी लागलं नव्हतं. लिओन हातमोजे घालून, तोंड खिडकीकडे फिरवून डायपर बदलायचा, ओल्या कागदी रुमालाने पुसायचं तेवढं पुसायचा, पंखा वाढवायचा आणि बाहेर यायचा. कुवेतमध्ये नर्स असलेली बहीण, शॅनन, रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "आंघोळ घातलंस? पाठ बगतंस मां? कंबरेच्या खाली, हाडार लाल दिसता?" आणि तो सांगायचा, "घातलंय. बगलंय. नाय दिसणा." पहिल्या दिवशी हे सांगताना जीभ अडखळली. तिसऱ्या दिवशी नाही. खोट्याचं असंच असतं, एकदा रुळलं की आपलं आपण चालतं, ढकलावं लागत नाही.

जॅनेट आंटी गेल्यावर तो बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभा राहून जोरात श्वास घेऊ लागला. काही नाही. फिनेल, कालचं कालवण, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. मग तो अंगणात गेला, माडाखाली उभं राहून दहा श्वास घेतले, आणि परत आत आला. तेव्हा वास आला. उंबऱ्यावरच. आंबूस, कोंदट, आणि त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर, ते कसलं ते त्याला कळलं नाही. सोळा दिवस हा वास त्याच्या नाकात, कपड्यांत, बहुधा केसांतही होता. परवा तो कट्टा गावच्या बाजारात वाणसामान आणायला गेला तेव्हा दुकानदाराने सुटे पैसे हातावर न ठेवता फळीवर ठेवले होते. ते आठवून आठवून तो शरमेने गरम झाला. आतल्या खोलीत पंखा फिरत होता. पप्पा जागे असणार, ते जागेच असायचे. त्यांनी आंटीचं बोलणं ऐकलं असणार. आत जाऊन त्यांच्याकडे बघायचा धीर त्याला झाला नाही. तो संगणकापुढे जाऊन बसला.

कामाच्या खिडकीत पुण्याच्या कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी साचल्या होत्या. त्याने त्यामागची खिडकी पुढे आणली. डोंगर पोखरून किल्ला बांधायचा तो खेळ, छत्तीस वर्षांच्या माणसाला शोभणारा नव्हे. पण पप्पांच्या दुखण्यासाठी या घरात परत आल्यापासून लिओनला त्याचं व्यसन लागलं होतं. पडद्यावर दाढीवाले बुटके. ते खणतात, दगड वाहतात, दारू गाळतात, भांडतात. आपण त्यांना हाताला धरून कुठे नेऊ शकत नाही. फक्त कामं नेमून द्यायची, भिंती, दारं, पाट बांधायचे, आणि ते आपल्या मर्जीने काय करतात ते बघायचं. आणि हे बुटके घाण होतात. खेळ करणाऱ्याने कसला विचार केला असेल देव जाणे, पण एकेकाच्या नावावर बोट ठेवलं की यादी उघडते: डाव्या पायावर चिखल, उजव्या हातावर दुसऱ्याचं रक्त, दाढीत ओकारी. ती घाण ते घरभर नेतात, जेवणघरात, निजायच्या खोल्यांत, आणि मग त्यांचं मन विटतं, कामात लक्ष लागत नाही. कुणी कुणाला धुवत नाही. म्हणून लिओनने तीन आठवडे खपून त्यांच्यासाठी न्हाणी बांधली होती. डोंगरातला झरा वळवून वर टाकं केलं. टाक्याखाली लांब बोळ, जेवणघराकडे जायला दुसरी वाटच ठेवली नाही. खेळात पाण्याला सात मापं असतात. तीनपर्यंत बुटका चालत जातो आणि पलीकडे स्वच्छ निघतो. चार झालं की तरंगतो. सात झालं की मरतो. म्हणजे पाणी नेहमी तीनवर राहिलं पाहिजे. त्यासाठी फरशीखाली चाप, चापावर पाय पडला की वरची झडप उघडते, शेवटी जाळी, जाळीखालून पाणी दरीत. पहिल्या चाचणीत चार बुटके बुडाले. झडप बंदच झाली नाही, कारण कुणीतरी तिच्यात आपला मोजा टाकून गेला होता. एका मोज्यापायी चार जीव! लिओन त्या दिवशी महिन्यातून पहिल्यांदा मोठ्याने हसला, आणि आतल्या खोलीत पप्पांनी डाव्या हाताने पलंगाच्या दांड्यावर दोनदा टकटक केलं होतं. काय झालं, असं विचारलं असावं. त्याने सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे पलंगाजवळ जावं लागलं असतं.

आता न्हाणी बिनचूक चालत होती. खाणीतून काळे झालेले बुटके रांगेने बोळात शिरत आणि पलीकडे यादी कोरी होऊन निघत. त्याला हे तासन् तास बघत बसावंसं वाटे. त्यातलं सुख नेमकं कशात होतं हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आज, नाकात तो वास बसलेला असताना, त्याला ते लख्ख कळलं. कुणालाच कुणाला हात लावावा लागत नाही. सगळं पाणी करतं. कुणाच्या अंगाकडे बघावं लागत नाही, कुणाला आपलं अंग दाखवावं लागत नाही. असं या घरात असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याबरोबर घरामागची बाव डोळ्यांपुढे आली. विहिरीच्या काठावर पायरीच्या दगडावर पप्पा उकिडवे बसलेले, संध्याकाळची वेळ, अंगभर डिझेल आणि ग्रीस, नखांच्या कडा, मानेच्या वळ्या, कानामागे काळं. मम्मी, फिलोमिना, वरून कळशी ओतायची. आधी रॉकेलचा बोळा, मग साबण, मग पुन्हा रॉकेल. ते काळं पाणी पाटाने केळीत जायचं, आणि त्या केळींचे घड लिओन खायचा नाही. बारा वर्षांचा होता तेव्हा त्याने मम्मीला सांगितलं, माका दुसरो साबण होयो. पप्पांच्या साबणाला वास येतो, त्यात काळं रुतलेलं असतं. मम्मीने आधी दोन धपाटे घातले, आणि मग आई ती आईच, बाजारातून गुलाबी साबण आणला आणि दुसरी साबणदाणी. त्या संध्याकाळी पप्पा बावीवर आले. दगडावर दोन साबणदाण्या. त्यांनी दोन्हींकडे बघितलं, मग मम्मीकडे. मम्मी कळशी भरत राहिली. पप्पांनी दोन्ही तशाच ठेवल्या आणि कपडे धुवायचा साबण उचलला. पुढे मम्मी वारली, बावीवर पंप बसला, आत न्हाणीत फरशा बसल्या, पप्पांनी काम सोडलं. पण त्यानंतर त्यांनी कधी अंगाचा साबण वापरला नाही. दोन वर्षांपूर्वी नाताळला शॅननने परदेशी साबणांची पेटी आणली, तेव्हाही ते म्हणाले होते, "माका कित्या? माजो आसा." लिओन तिथेच बसला होता. त्याने मान खाली घालून पेटीवरची अक्षरं वाचली होती.

आणि असं नाही की त्याने यत्न केला नव्हता. गंगाराम गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बालदी, मग, टॉवेल घेऊन तो आत गेला होता. चादर बाजूला केली. पप्पांचं अंग त्याने असं कधी बघितलं नव्हतं. गंगारामसमोर त्या अंगाचं काही वाटत नसे, तो ते होडी धुतल्यासारखं धुवायचा. एकट्याने बघितल्यावर ते वेगळंच दिसलं, पांढरट, सैल, छातीवरचे केस पिकलेले, इतक्या वर्षांनंतरही करंगळीच्या नखाच्या कडेला काळी रेघ. त्याने लुंगीच्या गाठीला हात घातला, आणि पप्पांनी डाव्या हाताने ती गाठ पकडली. डोळे त्याच्यावर. त्या डोळ्यांत राग होता, की लाज होती, की जरा थांब एवढंच होतं? वाचा असती तर एका शब्दात कळलं असतं. लिओनने शब्दाची वाट बघितली नाही. चादर परत ओढली, म्हणाला, "बरां, नको तर नको," आणि बालदी तशीच उचलून बाहेर आला. बाहेर आल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. पप्पांना नको आहे, मी काय करू! ही पळवाट त्याने सोळा दिवस वापरली. आडात होतं, पोहऱ्यातच येत नव्हतं. माया नव्हती असं नाही, पण ती हातापर्यंत यायची नाही.

बुधवारी त्याला खेळात दुखणाईत बुटका सापडला. सापडला म्हणजे काय, तो होताच, याच्या लक्षात नव्हता. न्हाणी खणताना छत कोसळून एका गवंड्याचे दोन्ही पाय मोडले होते, त्याला दुखणाइतांच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. लिओनने त्याच्या नावावर बोट ठेवलं तर यादी संपेना. रक्त, चिखल, ओकारी, पुन्हा रक्त, जखमेत पू. इतकी सुरेख न्हाणी, सगळा किल्ला तिच्यातून स्वच्छ होऊन जातोय, आणि हा मात्र असा, कारण न्हाणी चालणाऱ्यांसाठी होती. निजलेल्याकडे कुणीतरी बालदी घेऊन जावं लागतं. त्याने कामांची पाटी उघडली. शुश्रूषेचं काम त्यानेच बंद करून ठेवलं होतं, सगळ्यांचं, बांधकाम लवकर व्हावं म्हणून. त्याने ते घाईघाईने चालू केलं. एक बुटका बालदी उचलून निघालाही. तो वाटेत असतानाच गवंड्याचं नाव राखाडी झालं, म्हणजे तो मेला. लिओनने खेळाची खिडकी बंद केली. मग उठून पप्पांच्या दारात गेला. ते छताकडे बघत होते. दारातसुद्धा तो वास आला. माणूस शहाणा असता तर त्याने तिथूनच न्हाणीत जाऊन बालदी भरली असती. पण लिओनच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. निजलेल्यासाठीही न्हाणी बांधता येईल, असं त्याच्या मनात आलं, आणि चार महिन्यांत आली नव्हती अशी हुशारी त्याच्या अंगात आली.

गुरुवारी सकाळभर तो खपत होता. पडवीतली प्लास्टिकची खुर्ची घेऊन तिच्या बसकणीला पाणी जायला भोकं पाडली. बावीच्या पंपाची काळी नळी परसातून माडांपर्यंत गेली होती, तिचं टोक सोडवून त्याने चिकूच्या फांदीवरून खाली घेतलं आणि टोकाला झारीचं तोंड तारेने घट्ट बसवलं. चार पावलांवर, फांदीपलीकडे, नळीला तोटी. मधे दोरी बांधून तिच्यावर चादरी टाकल्या, तिन्ही बाजूंनी, म्हणजे कुणाला काही दिसू नये. जॅनेट आंटीला नाही, रस्त्यावरच्याला नाही आणि त्यालाही नाही. हे पप्पांच्या अब्रूसाठी, असं तो मनाशी म्हणत होता आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. मगात साबणाचं पाणी कालवून तेही झारीत सोडायची सोय केली. वीज सकाळी आठला गेली होती, ती साडेबाराला आली. तोवर परसात जांभा दगडावर पाय ठेववत नव्हता. पण ही वेळच बरी, वाडीतली माणसं जेवून आडवी होतात, परसात कुणी नसतं. गंगारामने शिकवलं होतं तसं कंबरेची लुंगी धरून त्याने पप्पांना चाकाच्या खुर्चीत घेतलं, तिथून प्लास्टिकच्या खुर्चीत, आणि घसरू नयेत म्हणून दुसऱ्या लुंगीने कंबरेशी खुर्चीला बांधलं. पप्पांनी वर झारीकडे बघितलं, फांदीकडे, तारेच्या गाठीकडे. मिस्त्रीची नजर, ती नळीवरून मागे मागे माडापर्यंत गेली. मग त्यांनी डावा हात उचलून काहीतरी खूण केली, बोटं खाली, माडाच्या दिशेने. दोनदा केली.

"व्हय व्हय, पप्पा, पाच मिनिटां," लिओन म्हणाला आणि चादरीच्या बाहेर आला.

पंप लावला. तोटीवर हात ठेवून क्षणभर थांबला, आणि फिरवली. नळीतली हवा फुरफुरली, मग झारीतून पाण्याचा सारखा आवाज सुरू झाला, साबणाचा वास सुटला, चादरीखालून फेसाळ, करडं पाणी वाहत माडाच्या आळ्याकडे जाऊ लागलं. त्याने साठ अंक मोजायचं ठरवलं होतं. वीस झाले. पलीकडे खुर्चीच्या हातावर थाप पडू लागली. डाव्या हाताची, जोरजोरात, भराभर. त्याला वाटलं, खुशीत आले. अठरा दिवसांनी पाणी लागलं की माणसाला किती बरं वाटत असेल! त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. "बरां वाटता मां, पप्पा?" तो चादरीतून ओरडला. थापा चालूच. चाळीस. पन्नास. मग त्या थांबल्या. त्याने साठपर्यंत पुरे मोजले, आणखी वीस वाढवले, आणि तोटी न बंद करताच चादर बाजूला केली.

पप्पांचं तोंड उघडं होतं, होता होईल तितकं उघडं, आणि त्यातून आवाज येत नव्हता. छाती आणि दोन्ही खांदे लालभडक. उजव्या खांद्यावर कातडीचा एक पापुद्रा सुटून पाण्याबरोबर खाली सरकत होता. लिओनने पाण्यात हात घातला. पाणी गार होतं. बावीचं चांगलं गार पाणी. त्याला काही उमगेना. तो पाण्यात हात धरून उभाच राहिला, साबणाने असं होतं काय, काही चावलं काय, असलं काहीतरी मनात फिरत होतं. तेवढ्यात चादर ओरबाडली गेली, जॅनेट आंटी आत आली. थापांचा आवाज तिने कुंपणापलीकडून ऐकला होता. तिने पप्पांकडे बघितलं, झारीकडे, आणि परसभर उन्हात पडलेल्या काळ्या नळीकडे.

"पयलां पाणी माडाक सोडूक नाय?" ती म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू निघाला. "सकाळपासून उन्हात पडलेली नळी. भात शिजात असा पाणी येता तिच्यात. हयसर पोरां-टोरांक कळता रे. हात घालून बगलंस नाय? आधी हात घालून बगलंस नाय तू?"

नव्हता बघितला. पोर न्हाऊ घालणारी कोणतीही बाई आधी पाण्यात हात घालते, गुरं धुणारा गडी घालतो, गंगाराम कोपर बुडवून बघायचा. लिओनने टाकं, झडप, चाप, जाळी सगळ्याचा विचार केला होता, आणि हात मात्र चार पावलांवर ठेवला होता, मुद्दाम. हातच लावायचा नव्हता. त्यासाठीच तर सगळा खटाटोप. आणि ती खूण. माडाकडे दाखवलेली बोटं. पप्पांनी त्याला सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, आणि तो पाच मिनिटां म्हणाला होता. कंबरेची गाठ सुटेना, ओल्या लुंगीची गाठ, आपणच आवळलेली. शेवटी आंटीने आतून सुरी आणून ती कापली.

रिक्षाने मालवणला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी खांदे, छाती साफ केली, मलम लावून पट्टी बांधली. मग पप्पांना कुशीवर वळवलं आणि त्यांचे हात थांबले. कंबरेखाली, बरोबर हाडावर, रुपयापेक्षा मोठी जखम होती, कडा काळ्या, आणि तो गोडसर वास तिथूनच येत होता.

"भाजल्याचं कळलं. ही जखम आजची नाही," डॉक्टर म्हणाले. "यांना आंघोळ कोण घालतं?"

"मीच घालतो, सर. रोज," लिओन म्हणाला. कचेरीतली मराठी तोंडात आली की खोटंही नीटनेटकं येतं. पप्पा कुशीवर होते, तोंड त्याच्याकडे. पापण्यासुद्धा हलत नव्हत्या. त्या डोळ्यांत या वेळी राग की लाज असा काही घोळ नव्हता. ते नुसते ऐकत होते. लिओनने ओठ पुसले. "नाही घातली, सर. अठरा दिवस नाही घातली."

डॉक्टरांनी वर बघितलं, मग कागदावर लिहीत राहिले. रोज पुसून काढायचं, पट्ट्या भिजवायच्या नाहीत, दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसाआड इथे आणायचं. जखम हाडापर्यंत गेली तर पुढचं सांगता येत नाही, असंही ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही. संध्याकाळी शॅननचा फोन आला तेव्हा लिओनने तिलाही सगळं सांगितलं, नळीसकट. मग ती म्हणाली, "तुका जमणा नाय तर सांगूचा होतां रे. मी नोकरी सोडून इली असतंय." ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी सातला जॅनेट आंटी पांढरं कापड आणि दोन मेणबत्त्या घेऊन आली. तिने पलंगाजवळचं मेज पुसलं, कापड अंथरलं, क्रूस ठेवला. बालदीकडे हात करून म्हणाली, "सर तू. मी पुसतंय तेका." लिओन म्हणाला, "नको, आंटी. मी करतंय." तिने त्याच्याकडे बघितलं आणि जपमाळ घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

त्याने घंगाळात पाणी घेतलं, कोमट, जवळजवळ गारच. हातमोजे घातले नाहीत. घंगाळ पलंगावर ठेवून तो कडेला बसला. पप्पांनी घंगाळ बघितलं आणि डावा हात उचलून तोंडावर आडवा धरला. मारणाऱ्यापुढे धरतात तसा. ज्या माणसाने तापलेली इंजिनं उघड्या हाताने उघडली, तो आपल्या मुलाच्या हातातल्या ओल्या फडक्याला घाबरत होता. लिओनने फडकं पाण्यात परत टाकलं.

"पाणी थंड आसा, पप्पा," तो म्हणाला. हात खाली आला नाही. "खरांच थंड आसा." तरी नाही. आणि का यावा? त्याच्या बोलण्याचं मोल काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. बाहेर आंटी जपमाळ पुटपुटत होती. आठ वाजून गेले असतील. लिओनने मान खाली घातली. "माका हात लावूक घाण वाटा होती, पप्पा," तो म्हणाला. "तुजी घाण. ल्हानपणापासून. म्हणान ती नळी. तुज्यासाटी नाय केलंय ती, माज्यासाटी केलंय." हे बोलल्यावर त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट वाटलं, हे तरी कशाला या माणसाला ऐकवलं.

हात हळूहळू खाली आला. पप्पा त्याच्याकडे बघत होते. मग त्या हाताने त्यांनी लिओनचं मनगट पकडलं. पकड अजून मिस्त्रीचीच होती. त्यांनी तो हात ओढून घंगाळात दाबला, तळाला टेकेपर्यंत, आणि तिथेच धरून ठेवला. पाण्याकडे त्यांनी बघितलंच नाही. ते लिओनच्या तोंडाकडे बघत होते, तोंड वेडंवाकडं होतंय का ते. लिओन जराही हलला नाही. बाहेर फादरांची स्कूटर येऊन थांबली, आंटी "इले, इले" म्हणत उठली, अंगणात पावलं वाजली, आणि पप्पांनी त्याचा हात अजून पाण्याखाली धरूनच ठेवला होता.